अँटीव्हायरसमुळेच कॉम्प्युटर बसतो तेव्हा : या चुका टाळा

नवा अँटीव्हायरस टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून हिशेबाची टॅली उघडायला दोन मिनिटं लागू लागली. शेअर केलेला प्रिंटर दिसेनासा झाला. चौथ्या दिवशी निळा स्क्रीन आला. मग हार्डवेअरवाल्याला फोन जातो आणि तो उभ्या उभ्या सांगतो, "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावा लागेल." ठाण्याच्या नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसपासून वाशीच्या एपीएमसी मार्केटातल्या गाळ्यापर्यंत हे असंच चाललेलं असतं. अशा मशीनमध्ये पुष्कळदा व्हायरस नसतोच. अँटीव्हायरसच आडवा आलेला असतो, तोही टाकताना किंवा काढताना केलेल्या घाईमुळे.

अँटीव्हायरस हा वर्ड किंवा टॅलीसारखा साधा प्रोग्रॅम नाही. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्रॅम, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतात. तुम्ही कुठलीही फाइल उघडली की विंडोज ती आधी त्या ड्रायव्हरच्या हातात देतं, तो "जाऊ दे" म्हणाला तरच पुढचं काम होतं. वर्डमध्ये चूक झाली तर वर्ड बंद पडतो. कर्नलमधल्या ड्रायव्हरने चूक केली तर विंडोज स्वतःच सगळं थांबवतं, आणि तो थांबलेला क्षण म्हणजे निळा स्क्रीन (नव्या विंडोज ११ मध्ये काळा). हे एकदा कळलं की पुढच्या सगळ्या चुका का घडतात तेही कळतं.

चूक पहिली : एकावर एक अँटीव्हायरस

"एक फ्री आहे, एक लॅपटॉपबरोबर आलेला, शिवाय मुलाने एक डाउनलोड केलाय. जास्त सुरक्षित ना?" नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर तिसरीही कोंबलेली असते.

दोन अँटीव्हायरस एकाच वेळी रिअल-टाइम, म्हणजे सतत पहारा देत, चालू असले की काय होतं ते पाहा. तुम्ही एक्सेलची फाइल उघडता. पहिला ती तपासायला घेतो. तपासायची म्हणजे त्यालाही ती वाचावी लागते, आणि ते वाचणं दुसऱ्याला दिसतं, म्हणून दुसरा ते अडवून आपली तपासणी सुरू करतो. नशीब बरं असेल तर फाइल फक्त उशिरा उघडते. वाईट असेल तर दोघे एकमेकांची वाट बघत बसतात, माउसचा बाण हलत राहतो पण क्लिक घेत नाही, आणि शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. त्यातून एकाच्या व्हायरस-नमुन्यांच्या फाइल दुसऱ्याला व्हायरस वाटल्या तर तो त्या उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइल कोंडायच्या जागेत, टाकतो आणि पहिला अर्धमेला होतो. ४ जीबी रॅमच्या मशीनमध्ये तर एवढं व्हायचीही गरज नसते, दोघांचं ओझंच पुरतं.

विंडोज १० आणि ११ बरोबरच येणारा अँटीव्हायरस, डिफेंडर, समजूतदार आहे. दुसरा अँटीव्हायरस विंडोज सिक्युरिटीमध्ये रीतसर नोंदला गेला की तो स्वतःचं रिअल-टाइम संरक्षण बंद करतो. म्हणजे डिफेंडर अधिक एक, एवढं चालतं. बाहेरचे दोन मात्र एकमेकांसाठी जागा सोडत नाहीत.

आता खरी मेख. लोक म्हणतात, "जुना काढला होता हो." काढला म्हणजे काय केलं? सेटिंग्जमध्ये जाऊन अनइन्स्टॉल दाबलं आणि रीस्टार्ट न करता लगेच नवा टाकला. काहींनी तर प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डरच डिलीट केलेलं असतं. चिन्ह गेलं, ड्रायव्हर तिथेच राहिला.

राहिलाय का ते बघायला एक मिनिट लागतं. कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. फिल्टर ड्रायव्हरची यादी येईल, प्रत्येकासमोर अल्टिट्यूड नावाचा आकडा असेल. मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा ठरवून दिलेला आहे. ३२८०१० समोर डब्ल्यूडीफिल्टर दिसला तर तो डिफेंडरचा, त्याला हात लावायचा नाही. त्या पट्ट्यात आणखी दोन अनोळखी नावं दिसली तर तुमच्या मशीनमध्ये जुन्याचं भूत आहे.

काढायची पद्धत ही, याच क्रमाने:

१. कामाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. रीस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज आजच्या स्थितीत परत आणायची खूण, बनवा. पुष्कळ मशीनमध्ये सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं, म्हणून आधी सी ड्राइव्हसाठी ते चालू आहे का बघा.

२. बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हातात घ्या. हा ४८ आकडी क्रमांक मायक्रोसॉफ्ट खात्यात त्या डिव्हाइसच्या नावाखाली मिळतो. "आमच्याकडे बिटलॉकर नाही" असं गृहीत धरू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली की म्हणजे कुलपाच्या आत ठेवलेली किल्ली.

३. जुन्या अँटीव्हायरसच्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल आधीच उतरवून ठेवा. कंपनीच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून घेतलं तर नवीच पीडा घरी येते.

४. अँटीव्हायरसच्या सेटिंगमधलं सेल्फ प्रोटेक्शन बंद करा, मग सेटिंग्जमधल्या ॲप्समधून अनइन्स्टॉल करा. रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो, जुन्या ड्रायव्हरसकट.

५. आता रिमूव्हल टूल चालवा. कंपनीने सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) सांगितला असेल तर सेफ मोडमध्येच. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि रीस्टार्टनंतर येणाऱ्या यादीत ४. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही अशी वेळ येऊ शकते, म्हणून खात्याचा पासवर्ड माहीत हवा.

६. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा ती पाच अक्षरांची कमांड. यादी स्वच्छ झाली की विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर चालू झालेला दिसला पाहिजे. नवा टाकायचाच असेल तर तो यानंतर.

अनइन्स्टॉलनंतर वायफाय जोडलेला दिसतो पण साइट उघडत नाहीत, हा त्रासदायक प्रकार नेहमीचा. नेटवर्क ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, जुन्या अँटीव्हायरसच्या नावाची एखादी ओळ टिक केलेली दिसेल, ती काढा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच विनसॉक रीसेट ही कमांड द्या, तीन शब्द, मध्ये एकेक जागा, आणि रीस्टार्ट. राउटर बदलायला धावू नका.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. पाऊण तास नाही म्हणून दहा मिनिटांत उरकणारा माणूस नंतर दोन दिवस घालवतो, हे इतक्यांदा पाहण्यात येतं की शॉर्टकट सांगणाऱ्यांचा आता राग येतो.

चूक दुसरी : मशीन चालू होत नाही म्हणून थेट फॉरमॅट

ही सर्वांत महागडी चूक, कारण इथे माणसाचा डेटा जातो.

२१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपनीने व्हायरस-नमुन्यांची ५९५८ क्रमांकाची फाइल सोडली. त्या फाइलला विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची अस्सल फाइल व्हायरस वाटली. एसव्हीसीहोस्टच्या पोटात विंडोजच्या अनेक सेवा चालतात, नेटवर्कसुद्धा. ती क्वारंटाइनमध्ये गेल्यावर मशीन पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होऊ लागली आणि नेट गेलं. मॅकॅफीने दुरुस्त फाइल लवकरच सोडली, पण जिथे नेटच नाही तिथे ती पोचणार कशी? जगभरातल्या ऑफिसांत माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन, दुरुस्तीची फाइल हाताने टाकून, एसव्हीसीहोस्ट तिच्या जागी परत ठेवावी लागली. डेटा सगळ्यांचा शाबूत होता. एक फाइल तेवढी जागेवर नव्हती.

चौदा वर्षांनी तेच, फार मोठ्या प्रमाणावर. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९:३९. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोलीला पोचणारी मंडळी लॅपटॉप उघडण्याची वेळ. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने मशीनवर पहारा देणाऱ्या आपल्या फाल्कन सेन्सरसाठी एक छोटी कंटेंट फाइल सोडली, चॅनल फाइल २९१. त्या फाइलने २१ वं मूल्य तपासायला सांगितलं आणि सेन्सरकडे मूल्यं होती २०. नसलेल्या जागेतून वाचायचा प्रयत्न झाला, तोही कर्नलमध्ये, आणि निळा स्क्रीन आला. रीस्टार्ट केलं की तीच फाइल पुन्हा वाचली जायची आणि पुन्हा निळा स्क्रीन. कंपनीने १०:५७ ला फाइल मागे घेतली. त्या ७८ मिनिटांत फाल्कन असलेली जी विंडोज मशीन ऑनलाइन होती तीच सापडली, नंतर चालू केलेली वाचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइक फोल्डरमध्ये २९१ क्रमांकाची फाइल शोधायची, डिलीट करायची, रीस्टार्ट करायचं. काम पाच मिनिटांचं. लोक दिवसच्या दिवस अडकले ते बिटलॉकरमुळे, कारण सेफ मोडला जाताना ४८ आकडी की मागितली जायची आणि ती कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसायचं. वर दुसऱ्या पायरीत तिचा एवढा आग्रह धरला तो म्हणूनच.

त्या दिवशी ज्याने घाबरून फॉरमॅट मारला, त्याने एका फाइलसाठी सगळं घर पाडलं.

तेव्हा अपडेटनंतर किंवा नवा अँटीव्हायरस टाकल्यावर मशीन चालू होत नसेल तर आधी निळ्या स्क्रीनचा फोटो काढा. खाली "व्हॉट फेल्ड" पुढे फाइलचं नाव येतं, पुष्कळदा तेच चोराचं नाव असतं. दुसरं, ऑफिसातली बाकीची मशीन अजून चालू केली नसतील तर करू नका, आणि राउटरची वायर काढा. मग मोबाइलवर त्या कंपनीची सूचना आली आहे का बघा.

यानंतर विंडोजचं रिकव्हरी वातावरण. विंडोज चालू व्हायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी ते आपोआप येतं. तिथून सेफ मोड, आणि सेफ मोडमधून अँटीव्हायरस काढणं. सेफ मोडही येत नसेल तर त्याच ठिकाणी सिस्टिम रीस्टोअर. तेही जमलं नाही तर डेटा बाहेर काढा, आणि तो बूट न होणाऱ्या मशीनमधूनही निघतो. रिकव्हरीमधला कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड टाइप करून एंटर दाबा, नोटपॅडच्या फाइल मेनूतलं ओपन निवडा, खाली "ऑल फाइल्स" करा. आता तुमच्यासमोर सगळे ड्राइव्ह आहेत. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसला तर दचकू नका. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, नोटपॅड गोठल्यासारखं वाटतं, ते तसंच राहू द्या.

मशीन सुरू झाल्यावर विंडोजच्या फाइल दुरुस्त करायच्या तर कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन कमांड, आधी डिझमची रीस्टोअर हेल्थ, नंतर एसएफसी स्कॅननाऊ. लोक उलट क्रमाने करतात. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल घेतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं, म्हणून डिझम आधी.

सापडलं की डिलीट

"थ्रेट सापडला की काय करायचं" या सेटिंगमध्ये डिलीट ठेवू नका, क्वारंटाइन ठेवा. चुकीने उचललेली फाइल क्वारंटाइनमधून दोन क्लिकमध्ये परत येते, डिलीट झालेली येत नाही. डिफेंडरही धुतल्या तांदळाचा नाही. १३ जानेवारी २०२३ च्या त्याच्या अपडेटने, ज्या कंपन्यांनी ऑफिस मॅक्रोसंबंधीचा एक कडक नियम चालू केला होता, त्यांच्या मशीनवरचे स्टार्ट मेनू आणि टास्कबारमधले शॉर्टकट उडवले. प्रोग्रॅम जागेवर होते, पण ते गेले असं समजून लोक ऑफिस पुन्हा टाकत बसले.

मराठी टायपिंगचे काही जुने प्रोग्रॅमही असेच संशयात सापडतात. कळफलकावरची कळ मध्येच अडवून तिच्या जागी देवनागरी अक्षर टाकणं आणि पासवर्ड चोरणाऱ्या कीलॉगरने कळा टिपणं, यांचं तंत्र एकच. फाइल मूळ सीडीवरची असेल तर तेवढ्या एका फाइलला परवानगी द्या. खात्री नसेल तर व्हायरसटोटल या साइटवर तपासा, ती एकच फाइल अनेक अँटीव्हायरसांना दाखवते. पण तिथे आधार, फॉर्म १६ किंवा ग्राहकाची पीडीएफ चढवू नका, चढवलेली फाइल त्यांच्या सदस्य संस्थांना उतरवून घेता येते.

टॅली मंद झाली म्हणून अख्खा सी ड्राइव्ह वगळणं

असं करण्यापेक्षा अँटीव्हायरस नसलेला बरा, निदान खोटा धीर तरी नाही. टॅली कंपनीचा डेटा अनेक फाइलमध्ये ठेवते आणि प्रत्येक व्हाउचरला त्यातल्या काही उघडते, लिहिते, बंद करते. अँटीव्हायरस दर वेळी डोकावतो. डेटा सर्व्हरवर असेल तर तोच व्यवहार सर्व्हरवर एकदा आणि तुमच्या मशीनवर एकदा, असा दोनदा तपासला जातो. म्हणून फक्त डेटाचं फोल्डर वगळा, कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो. सर्व्हरवर वगळा आणि प्रत्येक मशीनवर त्याचा नेटवर्कचा पत्ता वगळा. टॅलीचा प्रोग्रॅम, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप तपासणीतच राहू द्या. वगळलेल्या फोल्डरवर पहारा कमी, म्हणून त्याचा बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर, आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात.

टॅली मंद नसून सेव्हच करत नसेल तर विंडोज सिक्युरिटीतल्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस कुणी चालू केलंय का ते बघा. डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेल तर ते टॅलीला लिहू देत नाही. तिथल्या परवानगीच्या यादीत टॅली टाका, काम होतं.

२० तारखेचा गोंधळ

जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस, डिजिटल सहीचं टोकन लावलेलं, आणि पोर्टल म्हणतं एमसाइनर (ती सही करणारा प्रोग्रॅम) चालू नाही. एमसाइनर तुमच्याच मशीनवर १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ पोर्टवर, एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने बोलतो. अँटीव्हायरसमधलं एचटीटीपीएस स्कॅनिंग मध्ये घुसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतं आणि बोलणी तुटतात. लोक अख्खा अँटीव्हायरस बंद करतात आणि महिनाभर तसाच ठेवतात. तसं न करता वेब संरक्षणाच्या अपवादांत हा पत्ता आणि एमसाइनरचा प्रोग्रॅम टाका, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, एमसाइनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा. आणि हे १० तारखेला करून बघा, २० ला नको.

मरायला टेकलेल्या डिस्कवर फुल स्कॅन

मशीन मंद झालं म्हणजे व्हायरसच, असं धरून रात्रभर फुल स्कॅन लावला जातो. स्कॅन एकाच फाइलवर तासभर अडकतो, आतून टकटक आवाज येतो, सकाळी डिस्क दिसतच नाही. फुल स्कॅन म्हणजे डिस्कवरची प्रत्येक फाइल वाचणं, आणि खराब हार्ड डिस्कला तेवढी धाव झेपत नाही. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५, सी६ या ओळी डिस्कवरच्या खराब जागा सांगतात, त्यांच्या रॉ व्हॅल्यू शून्य हव्यात. सी५ वाढत असेल तर स्कॅन नाही, डीफ्रॅग नाही, डेटा कॉपी आणि नवी एसएसडी.

थोडक्यात उरलेलं: अँटीव्हायरसबरोबर येणारे रजिस्ट्री क्लीनर आणि ट्यून-अप बंद ठेवा, त्यांनी मशीन जलद होत नाही. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच पडू देऊ नका, त्याचे नमुने शिळे होतात पण ड्रायव्हर आडवे येतच राहतात. विंडोजची मोठी आवृत्ती चढवण्याआधी बाहेरचा अँटीव्हायरस काढा आणि नंतर ताजा टाका. क्रॅक केलेल्या अँटीव्हायरसबद्दल बोलण्यासारखं काही नाही, चोराच्या हाती तिजोरीच्या चाव्या देणं ते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शुक्रवारी सुट्टी असणाऱ्या युनिटसाठी एक गोष्ट. शुक्रवारी दुपारचा स्कॅन लावलेला असतो, मशीन बंद असतात, आणि तो हुकलेला स्कॅन शनिवारी सकाळी सगळ्या मशीनवर एकदम सुरू होतो. साडेनऊला बिलिंग ठप्प. वेळ बदलून गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत क्विक स्कॅन ठेवा, "हुकलेला स्कॅन चालू करताच घ्या" हा पर्याय बंद करा. डिफेंडर असेल तर स्कॅनला सीपीयूची सरासरी मर्यादा ५० टक्के असते, पॉवरशेलमधून ती २० वर आणता येते. स्कॅन लांबतो, पण बिलं निघत राहतात.